ऑनलाइन थेरपी सुरू करताना: पहिल्या फोनपासून शेवटच्या सेशनपर्यंत

मार्च महिना, बँकेची वर्षअखेर. संध्याकाळी कॅश जुळवताना माझा जीव एकदम घाबरा झाला. छाती धडधडायला लागली, हातापायांना मुंग्या आल्या, आणि आता आपण इथेच कोसळणार असं पक्कं वाटलं. शाखेतल्या शिपाईकाकांनी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. ईसीजी नॉर्मल, रक्तदाब थोडा वाढलेला. डॉक्टर म्हणाले, "काही नाही, टेन्शन घेऊ नका." त्यांचं निदान बरोबरच होतं. पण टेन्शन घ्यायचं नाही म्हणजे करायचं काय, ते कुणी सांगितलं नाही. पुढच्या तीन आठवड्यांत तेच आणखी चार वेळा झालं.

आमच्या तालुक्याच्या गावात मानसोपचाराची सोय नव्हती. जिल्ह्याचं ठिकाण बासष्ट किलोमीटरवर, आणि तिथल्या क्लिनिकच्या पायरीवर ओळखीच्या कुणी बघितलं तर काय, ही धास्ती वेगळीच. म्हणून मी मोबाइलवरून समुपदेशन घेतलं. अकरा महिन्यांत एकवीस सेशन झाली. त्यानंतर नात्यातल्या, ओळखीतल्या बऱ्याच जणांनी आवाज खाली आणून विचारलं, "ते ऑनलाइन असतं ते नक्की कसं असतं गं?" त्यांना वेळोवेळी जे सांगत आले, तेच इथे क्रमाने लिहिते आहे.

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करते. थेरपी म्हणजे कुणापुढे तरी रडून मन हलकं करणं, असं मलाही वाटायचं. मन हलकं होतं, आणि तेही हवंच. पण ताण, काळजी, पॅनिक (माझ्यासारखे अचानक येणारे घबराटीचे झटके) यांवर ज्या पद्धती काम करतात त्या शिकवणीसारख्या असतात. आठवड्यातून एक तास शिकायचं आणि उरलेले सहा दिवस घरी सराव करायचा. हे डोक्यात असलं की माणूस निवडण्यापासून वही ठेवण्यापर्यंत सगळे निर्णय सोपे होतात.

पायरी १: ही वेळ ऑनलाइनची आहे का?

कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी, म्हणजे विचार आणि वागणं यांवर काम करणारी उपचारपद्धती, इंटरनेटवरून दिली तरी समोरासमोर बसून दिल्यासारखाच उपयोग होतो, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. अट एवढीच, की सोबत मार्गदर्शन करणारा माणूस हवा. नुसतं ॲप उतरवून घेतलेले लोक बऱ्याचदा मधेच सोडून देतात. सततची काळजी, पॅनिक अटॅक, सौम्य किंवा मध्यम नैराश्य, कामाचा ताण, झोपेची तक्रार, नात्यातली ओढाताण, कुणी गेल्याचं दुःख, या सगळ्यांसाठी मोबाइलवरची थेरपी चांगली सुरुवात आहे.

काही वेळा मात्र थेट माणसाकडेच जायला हवं. जीव देण्याचे विचार येत असतील, स्वतःला इजा केली असेल, इतरांना ऐकू न येणारे आवाज ऐकू येत असतील, चार-चार दिवस झोप नसूनही अंगात प्रचंड जोर असेल, किंवा दारू अचानक बंद केल्यावर थरथर आणि भ्रम सुरू झाला असेल, तर ऑनलाइन अपॉइंटमेंटची वाट बघू नका. जवळचं सरकारी रुग्णालय किंवा मानसोपचारतज्ज्ञ गाठा. जीव धोक्यात असेल तर ११२. बोलायला त्या क्षणी कुणीतरी हवं असेल तर टेली-मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची मोफत हेल्पलाइन, १४४१६. आणि घरातल्याच कुणाची मारहाण होत असेल, तर त्याच घरात बसून व्हिडिओवर त्याबद्दल बोलणं धोक्याचं ठरू शकतं. अशा वेळी आधी सुरक्षित जागा बघा.

आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाच्या घरचे पोलीस केसच्या भीतीने दवाखाना टाळतात, हे मी जवळून पाहिलं आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे असा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरलं जातं आणि त्याला शिक्षा करायची नसते. उपचार ही त्याची गरज आहे, आणि सरकारवर ती जबाबदारी आहे.

एक छोटं पण महत्त्वाचं काम: एकदा रक्त तपासून घ्या. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२. थायरॉइड वाढलं की धडधड आणि घालमेल होते, रक्त कमी असलं की उत्साह राहत नाही, आणि आपण मनाला दोष देत बसतो.

पायरी २: कोण काय करतं

इथे लोकांचा फार गोंधळ होतो. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे सायकियाट्रिस्ट. ते एमबीबीएस करून पुढे मानसोपचारात शिकलेले डॉक्टर असतात आणि औषधं तेच देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषधं देत नाहीत, चाचण्या आणि थेरपी करतात. त्यांची नोंदणी रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे असते आणि नोंदणी क्रमांक विचारला तर सांगायला त्यांना काही अडचण नसते. समुपदेशक किंवा काउन्सेलिंग सायकॉलॉजिस्ट यांनी साधारणपणे मानसशास्त्रात एमए किंवा एमएससी केलेलं असतं. यांत अतिशय उत्तम माणसं आहेत. पण दोन दिवसांची कार्यशाळा करून स्वतःला 'माइंड कोच' म्हणवणारेही याच गर्दीत मिसळलेले आहेत. म्हणून पदवी कोणती, कुठून घेतली, किती वर्षं काम करता आणि तुमच्या कामावर देखरेख कोण करतं, हे सरळ विचारा. देखरेखीचा प्रश्न ऐकून चांगला समुपदेशक खूश होतो, कारण त्या क्षेत्रात वरिष्ठांकडे नियमित चर्चा करणं ही शिस्त मानली जाते.

औषधांची गरज लागली तर घाबरू नका. मार्च २०२० मध्ये आलेल्या टेलिमेडिसिनच्या नियमांनुसार डॉक्टर व्हिडिओवर तपासून औषध लिहून देऊ शकतात. काही औषधांवर मात्र निर्बंध आहेत, त्यामुळे कधीतरी प्रत्यक्ष बोलावलं तर त्याचं कारण ते असतं. मला सहा महिने एक गोळी होती. ती आणि थेरपी दोन्ही बरोबर चालले.

पायरी ३: शोधायचं कुठे

पैशांची अडचण असेल किंवा कुठून सुरुवात करावी हेच कळत नसेल, तर पहिला फोन टेली-मानसला करा. केंद्र सरकारची ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी, जागतिक मानसिक आरोग्य दिनी सुरू झाली. बंगळुरूची निमहान्स ही तिची मुख्य संस्था आहे. क्रमांक १४४१६ किंवा १८००-८९१-४४१६. चोवीस तास चालू, पैसे लागत नाहीत, वीस भाषांत बोलता येतं आणि त्यांत मराठी आहे. मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसचा 'आयकॉल' हा उपक्रम २०१२ पासूनचा. तिथे फोन आणि लेखी माध्यमांतून समुपदेशन होत आलं आहे. फोन करण्यापूर्वी त्यांच्या सध्याच्या वेळा बघून घ्या. ठाण्याची इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ, म्हणजे डॉ. आनंद नाडकर्णींची आयपीएच, १९९० पासून हे काम मराठीतून करते आहे. त्यांचे मराठी व्हिडिओ मी पहिल्या सेशनच्या आधी आठवडाभर ऐकत होते. 'हे बोलता येतं' एवढं धैर्य त्यातून आलं.

नोकरी करत असाल तर एचआरकडे चौकशी करा. बऱ्याच कंपन्या कर्मचाऱ्यांसाठी काही मोफत सेशन ठेवतात आणि ती वापरलीच जात नाहीत. कॉलेजमध्ये शिकत असाल तर तिथला समुपदेशन कक्ष.

भाषेबद्दल माझं मत ठाम आहे: ज्या भाषेत तुम्ही भांडता, त्या भाषेत थेरपी घ्या. मी आधी एका मोठ्या ॲपवरून इंग्रजीत बोलणाऱ्या बाईंशी बोलले. माझं इंग्रजी वाईट नाही. पण 'पोटात खड्डा पडतो' हे सांगायला मी शब्द शोधत राहायचे, आणि तोवर तो खड्डा बुजून गेलेला असायचा. जावेचं आणि माझं काय बिनसलं, वाटणीच्या वेळी सासरे काय म्हणाले आणि मी गप्प का बसले, हे मराठी समुपदेशकाला दोन वाक्यांत कळतं. तिथे नात्यांचा नकाशा काढून दाखवावा लागत नाही.

पायरी ४: पहिला छोटा फोन

बहुतेक समुपदेशक सेशन ठरवण्याआधी दहा-पंधरा मिनिटं फोनवर बोलतात. हा फोन तुम्ही त्यांची परीक्षा घेण्यासाठी आहे, हे लक्षात ठेवा. मी कागदावर लिहून ठेवलेले प्रश्न असे होते: माझ्यासारख्या त्रासावर तुम्ही कोणत्या पद्धतीने काम करता? घरी करायला काही देता का? साधारण किती सेशन लागतील आणि उपयोग होतोय की नाही हे आपण कधी तपासणार? फी किती, आणि ऐनवेळी रद्द केलं तर? नेट गेलं तर काय करायचं?

चौथ्या प्रश्नापर्यंत पोचायच्या आत समोरच्या माणसाचा अंदाज येतो. "चार सेशनमध्ये शंभर टक्के बरं करतो" असं कुणी म्हणालं, वर्षभराचं पॅकेज आधीच भरा म्हणालं, किंवा तुमच्या गोळ्या आजच बंद करा म्हणालं, तर नम्रपणे फोन ठेवून द्या.

फीबद्दल थोडं. शहरातल्या खासगी समुपदेशकांची फी पाचशे-सातशेपासून दोन-अडीच हजारांपर्यंत काहीही असते. अनुभवी माणूस महाग असतोच असं नाही आणि महाग माणूस अनुभवी असतोच असंही नाही. परवडत नसेल तर सांगा. अनेक जण फी कमी करतात, किंवा आठवड्याऐवजी पंधरा दिवसांनी सेशन ठेवतात. विम्याचं म्हणाल तर, शारीरिक आजाराइतकंच संरक्षण मानसिक आजारालाही द्यावं असं २०१७ च्या कायद्यात आहे. पण साधी पॉलिसी सहसा रुग्णालयात दाखल झाल्यावरचाच खर्च देते, समुपदेशनाच्या फीसाठी बाह्यरुग्ण खर्चाचं कलम आहे का ते बघावं लागतं.

पायरी ५: जागा

आपल्याकडे थेरपीची सगळ्यात मोठी अडचण नेटवर्कची नसते, दाराची असते. दार लावून बसलं की बाहेरून हाक येते, "काय गं, बरं आहे ना?" दोन खोल्यांच्या घरात एक तास एकटीने कसा काढायचा?

माझी पहिली सहा सेशन गाडीत झाली. शाळेच्या मैदानाच्या कडेला गाडी लावायची, काचा वर, मोबाइल स्टेअरिंगला टेकवलेला. गाडी नसेल तर गच्ची, ओळखीच्या मैत्रिणीची खोली, ऑफिस सुटल्यावरची मीटिंग रूम. माझा एक भाचा संभाजीनगरला हॉस्टेलवर राहतो, तो रात्री टेकडीच्या रस्त्यावर चालत चालत नुसत्या आवाजावर बोलतो. व्हिडिओ बंद ठेवून बोलायला हरकत नाही. सुरुवातीला बऱ्याच जणांना तेच सोपं जातं. फक्त गाडी चालवताना बोलू नका.

इअरफोन हवेतच, त्यामुळे निदान समोरचा काय म्हणतो ते घरात ऐकू जात नाही. खोलीच्या दाराबाहेर पंखा किंवा रेडिओ लावून ठेवला की आतलं बोलणं बाहेर समजत नाही. घरच्यांना काय सांगायचं हा तुमचा प्रश्न. "ऑफिसचा कॉल आहे" म्हणालात तरी चालेल. मी तिसऱ्या महिन्यात सासूबाईंना खरं सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "मग त्या वेळी मी कुकर लावत नाही, शिट्ट्यांचा आवाज नको."

पायरी ६: पहिलं सेशन

पहिल्या सेशनला काय होतं? बरेच प्रश्न. झोप कशी, भूक कशी, घरात कोण कोण, आधी कधी असं झालं होतं का, कोणती औषधं चालू आहेत, मरणाचे विचार येतात का. शेवटचा प्रश्न ऐकून दचकू नका, तो सगळ्यांना विचारतात आणि विचारल्याने ते विचार वाढत नाहीत. तुम्ही कुठून बोलताय तो पत्ता आणि अडचणीत फोन करायला एका जवळच्या माणसाचा नंबरही मागतील. ऑनलाइन असल्यामुळे हे आवश्यक असतं. समोरचा हा पत्ता-नंबर विचारत नसेल, तर मला तो निष्काळजीपणा वाटतो.

कदाचित एखादी प्रश्नावली भरायला देतील. नैराश्यासाठीची पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची असते, गुण ० ते २७. काळजीसाठीची जीएडी-७ सात प्रश्नांची, ० ते २१. दोन्हींत १० किंवा त्याहून जास्त आले तर नीट लक्ष द्यायला हवं असं समजतात. हे निदान नव्हे. ताप मोजल्यासारखं आहे: दर तीन-चार आठवड्यांनी मोजलं की उतरतोय का ते दिसतं. माझे जीएडीचे गुण सोळा होते, दोन महिन्यांनी अकरा, पाचव्या महिन्यात सहा.

गुप्ततेबद्दल समुपदेशकाने स्वतःहून सांगायला हवं. तुमचं बोलणं नवऱ्याला, आईवडिलांना, साहेबांना कळत नाही. अपवाद मोजके: तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, न्यायालयाने मागितलं असेल, किंवा लहान मुलावर लैंगिक अत्याचार होत असल्याचं कळलं असेल, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ते कळवावंच लागतं.

पहिल्या सेशननंतर मला बरं वाटलं नाही. डोकं दुखलं, रात्री झोप आली नाही. हे इतक्या जणांकडून ऐकलं आहे की मी आता सगळ्यांना सांगते: पहिल्या सेशननंतरचा तास मोकळा ठेवा. लगेच स्वयंपाकाला किंवा मीटिंगला जाऊ नका.

पायरी ७: मधला आठवडा

थेरपीचा जीव इथे आहे. एक शंभर पानी वही घ्या, मोबाइलमधली नोट नको. चांगल्या समुपदेशकाकडून जे शिकायला मिळतं त्यातल्या चार गोष्टी मी माझ्या वहीतून सांगते. या वाचून स्वतःच उपचार करायचे असं नाही, पण आपण कशासाठी पैसे मोजणार आहोत ते कळावं.

पहिली गोष्ट, घटना आणि परिणाम यांच्यामध्ये जे लपलेलं असतं ते पकडणं. अल्बर्ट एलिस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५५ च्या सुमारास मांडलेली पद्धत आपल्याकडे विवेकनिष्ठ उपचारपद्धती म्हणून ओळखली जाते. मुंबईच्या किशोर फडके यांनी एलिस यांच्याशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करून ती आत्मसात केली आणि इथे रुजवली. पत्रांतूनही हे शास्त्र शिकता आलं हे कळल्यावर मोबाइलबद्दलची माझी शंका गेली.

वहीत तीन रकाने करायचे. माझी एक नोंद अशी आहे. घटना: साहेबांचा मेसेज, 'उद्या सकाळी जरा बोलू.' परिणाम: छातीत धस्स, रात्रभर जागी, सकाळी जुलाब. मधला रकाना मी पहिल्यांदा रिकामाच ठेवला होता. "मला काही विचार आलाच नाही, डायरेक्ट धस्स झालं," असं मी म्हणाले. माझ्या समुपदेशक मॅडम म्हणाल्या, "थांबा, घाई नको. त्या रात्री डोळ्यासमोर चित्र कोणतं होतं?" चित्र होतं. सगळ्या स्टाफसमोर साहेब माझी चूक वाचून दाखवताहेत. त्याखालचा विचार निघाला तो असा: 'माझ्याकडून चूक होताच कामा नये, आणि झाली तर मी कुणाला तोंड दाखवण्याच्या लायकीची नाहीच.'

मॅडमनी त्या वाक्यातले 'च' मोजायला सांगितले. होताच. नाहीच. आपल्या भाषेत हे एक अक्षर आग्रहाचं किती मोठं ओझं उचलतं! 'चूक होऊ नये' ही इच्छा झाली, 'चूक होताच कामा नये' हा हुकूम झाला. इच्छा पुरी झाली नाही तर वाईट वाटतं. हुकूम मोडला की भीती वाटते, शरम वाटते, छातीत धडधडतं. महिनाभर माझा गृहपाठ एवढाच होता: दिवसातला एक 'च' पकडायचा, आणि ते वाक्य 'च' काढून परत लिहायचं. 'मुलाला नव्वद टक्के मिळालेच पाहिजेत.' 'पाहुण्यांना घर स्वच्छच दिसलं पाहिजे.' वाक्य बदललं म्हणून लगेच मन बदललं नाही. साधारण पाचव्या आठवड्यात मात्र 'च' येताना ऐकू यायला लागला.

दुसरी गोष्ट मन लागत नाही तेव्हाची. नैराश्यात माणूस म्हणतो, जरा बरं वाटलं की फिरायला जाईन. बिहेविअरल ॲक्टिव्हेशन, म्हणजे आधी कृती, ही पद्धत उलटं सांगते: आधी ठरलेल्या वेळी दहा मिनिटं चाला, बरं वाटणं मागून येईल. याचं आपल्या शेजारचंच उदाहरण गोव्यात आहे. तिथल्या 'संगाथ' या संस्थेने सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या रुग्णांवर ही पद्धत वापरली. सहा ते आठ सेशन, आणि ती देणारे डॉक्टर किंवा मानसशास्त्रज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेले साधे स्थानिक लोक होते. २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते निष्कर्ष आले आणि फायदा स्पष्ट दिसला. वहीत रोजच्या तीन छोट्या कामांची वेळ लिहायची: सहा वाजता तुळशीला पाणी, साडेसहाला बहिणीला फोन, जेवणानंतर गल्लीच्या टोकापर्यंत चक्कर. झालं की पुढे मूडला दहापैकी गुण. 'घर आवरणे' असं मोठं काम लिहू नका. 'टेबलाचा डावा कप्पा' लिहा.

तिसरी, काळजीची वेळ. संध्याकाळी साडेसहा ते सात, त्याच खुर्चीत. दिवसभरात काळजी आली की एका ओळीत लिहायची आणि म्हणायचं, साडेसहाला बघू. साडेसहाला वही उघडली की निम्म्या काळज्या शिळ्या झालेल्या असतात. उरलेल्यांत 'यावर मी उद्या काही करू शकते का?' हा एकच प्रश्न विचारायचा.

चौथी पॅनिकची. अटॅक काही मिनिटांत शिखर गाठतो आणि उतरतो, हे शरीराचं गणित आहे. त्या वेळी पळून गेलं की मेंदू शिकतो: पळालो म्हणून वाचलो. म्हणून मी कॅश काउंटर टाळायला लागले होते, मग बाजार, मग लग्नं. मॅडमनी शिडी आखून दिली. सगळ्यात सोपी पायरी: बँक बंद झाल्यावर काउंटरपाशी पाच मिनिटं बसणं. सगळ्यात अवघड: महिनाअखेरीला एकटीने कॅश जुळवणं. प्रत्येक पायरीवर धडधड येऊ द्यायची, श्वास सावकाश सोडत राहायचा, आणि ती ओसरेपर्यंत जागेवरून हलायचं नाही. शेवटच्या पायरीला मला चौदा आठवडे लागले. हे सोबतीशिवाय करू नका, आणि हृदयाची तपासणी आधी झालेली असू द्या.

जमत नसेल तर

मला एक समुपदेशक बदलावे लागले. सहा सेशन मी बोलत राहिले, ते मान हलवत राहिले, शेवटी "पॉझिटिव्ह विचार करा" म्हणत. मला वाटलं दोष माझाच. तसं नव्हतं. चार-पाच सेशननंतर काहीच हललं नाही तर आधी त्यांनाच सांगा: "मला उपयोग होतोय असं वाटत नाही, वेगळं काही करता येईल का?" चांगला माणूस यावर रागावत नाही, पद्धत बदलतो किंवा दुसऱ्याचं नाव सुचवतो. न सांगता फोन उचलणं बंद करणं हा आपला नेहमीचा मार्ग, पण त्यात आपलंच नुकसान होतं. समोरचा माणूस धर्म, जात, लग्न, मूल न होणं यांवरून तुमचा न्याय करू लागला किंवा सेशनबाहेर सलगी करू लागला, तर मात्र चर्चा करत बसू नका, तिथेच थांबा.

ॲप, चॅटबॉट आणि तुमची माहिती

मनातलं सगळं ज्या ठिकाणी साठतं, तिथे कुलूप कसं आहे ते बघायला हवं. फिनलंडमधल्या 'वास्तामो' या मानसोपचार केंद्राच्या हजारो रुग्णांच्या नोंदी चोरीला गेल्या आणि २०२० मध्ये चोराने एकेका रुग्णाला ई-मेल करून पैसे मागितले. अमेरिकेत 'बेटरहेल्प' या मोठ्या कंपनीने ग्राहकांची आरोग्यविषयक माहिती जाहिरातींसाठी फेसबुकसारख्या कंपन्यांना दिल्याचा आरोप तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने ठेवला. २०२३ मध्ये कंपनीला ७८ लाख डॉलर भरावे लागले. म्हणून ॲपवर नोंदणी करताना वेगळा ई-मेल वापरा, फोनमधले संपर्क वाचायची परवानगी देऊ नका, आणि सेशन रेकॉर्ड होतं का ते विचारा. लेखी संमतीशिवाय रेकॉर्डिंग होता कामा नये. तुम्हीही गुपचूप रेकॉर्ड करू नका.

चॅटबॉटशी बोलण्याबद्दल तरुण मुलं फार विचारतात. रात्री दोन वाजता श्वासाचा व्यायाम आठवून द्यायला, वहीतली नोंद लिहायला मदत म्हणून ठीक आहे. पण तो तुमचा आवाज कापरा झालेला ओळखत नाही, बहुधा तुमच्या म्हणण्याला होच म्हणतो, आणि संकटात तुमच्या घरी कुणाला फोन करत नाही. मरणाचे विचार असतील तर बॉटवर थांबू नका, १४४१६ लावा.

परदेशात असाल तर

पुण्यातल्या मराठी समुपदेशकाशी अमेरिकेतून बोलावं असं अनेकांना वाटतं, आणि ते साहजिक आहे. तिथे मात्र थेरपिस्टचा परवाना राज्यागणिक असतो आणि सर्वसाधारणपणे रुग्ण ज्या राज्यात बसला आहे तिथला परवाना लागतो. भारतातून सेवा घेतली तर तिथला विमा सहसा उपयोगी पडत नाही आणि तक्रारीला जागाही राहत नाही. निदान संकटकाळी स्थानिक क्रमांक जवळ ठेवा. अमेरिकेत तो ९८८ आहे. इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांना एनएचएसच्या, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, टॉकिंग थेरपीज सेवेत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय स्वतःच नाव नोंदवता येतं, आणि ती मोफत आहे.

थांबवताना

एक दिवस सेशनला बोलायला फारसं काही उरत नाही. तेव्हा एकदम बंद करू नका. आम्ही आठवड्यावरून पंधरा दिवस, मग महिना, मग दोन महिने असं अंतर वाढवलं. गोळीही डॉक्टरांनीच हळूहळू कमी केली. शेवटच्या दोन सेशनमध्ये एक पान तयार केलं: त्रास परत येऊ लागला तर आधी काय दिसेल, तेव्हा काय करायचं, कुणाला फोन करायचा. माझ्या पानावर पहिली खूण 'बाजारहाट दुसऱ्यावर ढकलायला लागले' अशी आहे. ते पान कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं आहे. गेल्या दिवाळीत ती खूण दिसली. मी मॅडमना मेसेज केला, एक सेशन घेतलं, आणि शनिवारी पिशवी घेऊन मंडईत गेले.